घरच्यांना आवतण नसतं

१४ जुलै, अकोला

ॲडमिशन झाली. अमरावतीच्या कॉलेजने काढलं, असं लोक म्हणतील. मी त्याला ट्रान्सफर म्हणतो. झालं एवढंच की कुलदीपला ताप होता म्हणून तोंडी परीक्षेला त्याच्याऐवजी मी बसलो. जिगरी दोस्त आहे. सगळी उत्तरं बरोबर. शेवटी बाहेरून आलेल्या सरांनी प्रेमाने नाव विचारलं आणि मी प्रेमाने स्वतःचं सांगितलं. माणसाच्या खोटं बोलण्यालाही काही लिमिट असते.

बाबा सामान उतरवताना म्हणाले, "लेका ईशान, आता आपल्याच नावानं पास हो." बाबांचे विनोद कधीकधी लागतात.

संकल्प: वर्गात आपणहून कोणाशी बोलायचं नाही. दिवाळीपर्यंत अख्खा वर्ग माझ्यामागे असेल.

४ ऑगस्ट

कोणीच बोलत नाही. इम्प्रेशन जरा जास्तच पडलेलं दिसतं.

शेजारी परतवाड्याचा शिवम बसतो. त्याने विचारलं, "अमरावती काहून सोडलं?" पॉलिटिक्स, म्हटलं. "बरं," म्हणून त्याने डबा उघडला. "खातं का?" नको म्हटलं. इतक्या लवकर दुसऱ्याच्या डब्यात हात घातला की आपली किंमत जाते. ठेचा होता. वास अजून नाकात आहे.

काल फ्रेंडशिप डे. कुलदीपला फोन केला. उचलला नाही. बिझी असणार.

२८ ऑगस्ट

जुन्या शहरातली खोली ठीक आहे. आज दिवसभरात फक्त घरमालकीण गोदावरीकाकू बोलल्या, त्याही "मोटर बंद कर" एवढंच. एकांत अभ्यासाला उत्तम. अभ्यास सोमवारपासून.

चौकशीचा दिवस आठवला. कुलदीप प्रिन्सिपलसमोर म्हणाला होता, "हा पोरगा कोन हाय, मले मालूम नाही सर." त्याला वॉर्निंग मिळाली, मला घरचा रस्ता. बाबांना फार लागलं ते. मला नाही. आमची स्ट्रॅटेजी होती ती. आधी ठरवायची राहून गेली, एवढंच.

२० सप्टेंबर

अमरावतीला जाऊन आलो. वॉचमनने आत सोडलं नाही. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत थांबलो. कुलदीप गाडीवरून गेला. हेल्मेटमुळे मी दिसलो नसेन. हेल्मेट आरशाला लटकवलेलं होतं, पण त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं.

उद्यापासून पहाटे उठणार.

६ डिसेंबर

मोठी बातमी! कुलदीपचं स्टेटस: उद्या चांदूर रेल्वेला त्याच्या शेतात रोडग्यांची पंगत. मला वेगळं सांगितलं नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. आवतण परक्यांना देतात. घरच्यांनी आपलं पोचायचं असतं.

शिवमच्या शेतातही उद्याच रोडगे. "येतं का? मायनं बलावलं तुले," म्हणाला. माझं आधीच ठरलंय, असं सांगितलं. आवतण आलं म्हणजे तिथे मी पाहुणाच की. "बरं," म्हणाला.

७ डिसेंबर, परतीची गाडी

शेतभर माणसं. गोवऱ्यांच्या जगऱ्यात, निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी. कुलदीपच्या आईने, जमुनाकाकूंनी, पहिल्याच पंगतीत बसवलं. रोडग्यावर तूप ओतता ओतता त्यांनी लेकाला विचारलं, "हा कोनाचा रे?" कुलदीप भाजी वाढत होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आला असन कोनासंग," म्हणाला आणि पुढच्या पत्रावळीकडे सरकला.

काकूंनी तरीही आणखी एक रोडगा वाढला. "लाजू नोको बाबू, जेव." जेवलो. चौकशीच्या वेळी समोर प्रिन्सिपल होते. आज भ्यावं असं कोणीच नव्हतं. एवढ्या माणसांत बसून जेवढं एकटं वाटलं, तेवढं त्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर शिवमला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मागे माणसांच्या हसण्याचा कल्ला. "बोल ना," म्हणाला. चुकून लागला, असं सांगून ठेवून दिला.

बडनेरा गेलं. मूर्तिजापूर गेलं. फोन हातातच आहे. त्याने परत केलेला नाही.

काहून करन?