डावीकडची सीट

१२ जानेवारी, रविवार. सूसामीर

पोचलो. 

खिंडीच्या चढावर पुढे कोळशाचा ट्रक होता. आमची गाडी जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे. इथे वाहतूकही रस्त्याच्या उजव्या बाजूने. त्यामुळे ओव्हरटेक करताना चालवणाऱ्या बेर्मेतला, माझ्या बायकोला, समोरचं काही दिसत नाही. दिसतं डावीकडे बसलेल्याला, म्हणजे मला. मला गाडी येत नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे एवढंच काम — डाव्या काचेला गाल चिकटवायचा, ट्रकच्या कडेने डोकवायचं आणि "थांब" किंवा "जा" म्हणायचं.

"जाऊ?"

"जा."

ती बाहेर निघाली आणि समोर टँकर! कुठून उगवला देव जाणे. त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मिचमिचला आणि गाडीतला जीवच गेला. इंजिन नुसतं ओरडतंय, वेग नाही. बेर्मेतने ब्रेक मारून गाडी पुन्हा कोळशाच्या मागे घातली. टँकर गेला. त्याच्या हवेने आमची गाडी हलली.

कडेला थांबून इंजिन बंद करून चालू केलं. दिवा गेला. गाडी शहाण्यासारखी चालू लागली. मला भीती वाटते ती ह्या शहाणपणाची.

१४ जानेवारी

परत बिश्केक. सबंध वाट मी "थांब" म्हणत आलो.

"मोल्दोके," बेर्मेत म्हणाली (पढिक माणसाला इथे असं म्हणतात, ती म्हणते तेव्हा त्यात आदर शोधू नये), "पुढे आहे ते गाढव आहे."

"चालतंय ना? मग वाहनच."

१५ जानेवारी

बाजारामागच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने गाडीला यंत्र लावलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये एकदम चार बिघाड दाखवले. "संपला. दुसरा मागवा जपानहून. महिना लागेल."

महिना! आठवड्यातले दोन दिवस सूसामीरच्या खोऱ्यात बेर्मेत ही एकच डॉक्टर. ह्या महिन्यात तिकडे दोन बाळंतपणं आहेत. "ती पोरं जपानची वाट बघणार नाहीत," म्हणाली. रविवारी जायचंच.

१९ जानेवारी. सूसामीर

पुन्हा. ह्या वेळी दुधाची व्हॅन. रस्ता रिकामा होता, मी "जा" म्हटलं, आणि अचानक व्हॅन. पुन्हा दिवा, पुन्हा जीव गेला. बेर्मेतने कसं निभावलं ते तिलाही सांगता येत नाही. 

जेवण गेलं नाही. चहा घेतला.

२२ जानेवारी

सागिन उस्ताकडे (उस्ता म्हणजे मिस्त्री) गेलो. म्हातारा आहे, गाडीशी बोलतो, माणसांशी कमी. चार बिघाडांची यादी बघून हसला. "चार जण एका दिवशी मरत नाहीत. चौघांनी एका विहिरीचं पाणी प्यायलं असेल. बिघाड लोखंडात नाही, तारेत आहे."

गाडी एकट्यानेच चाळीस किलोमीटर फिरवून आणली. काही नाही.

"एजे," त्याने बेर्मेतला विचारलं (एजे म्हणजे ताई, मानाने), "दिवा लागतो तेव्हा गाडीत कोण असतं?"

"मी आणि हे."

"आणि तुम्ही एकट्या असता तेव्हा?"

बेर्मेतने आठवून बघितलं. शहरात ती रोज एकटी चालवते. तेव्हा दिवा कधीच लागला नव्हता.

वाईच्या पाठशाळेत गुरुजींनी अन्वय-व्यतिरेक घोटून घेतला होता. जिथे धूर तिथे अग्नी. अग्नी नाही तिथे धूर नाही. त्यातला अग्नी कधी काळी मी असेन असं वाटलं नव्हतं.

"बायके, बसा डावीकडे," उस्ता मला म्हणाला (बायके म्हणजे दादा). "आणि घाबरा."

"हुकमावर घाबरता येत नाही."

त्याने गाडी समोरून येणाऱ्या ट्रॉलीबसवर घातली. शेवटच्या क्षणी वळवली. दिवा मिचमिचत होता.

तो माझ्या पायाकडे बघत होता. टाच कोपऱ्यात रुतली होती.

"तिथे ब्रेक नाही."

"माहीत आहे."

"तुमच्या पायाला माहीत नाही."

पायपुसणं उचललं, बाजूची पट्टी काढली. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरच्या दोन काळ्या तारा माझ्या टाचेखालून जात होत्या. उस्ताने त्या सुट्या करून एकेकीवर छोटा बल्ब लावला. एकीवर बल्ब पेटला. दुसरीवर नाही, ती आतून हिरवी होऊन कधीच तुटली होती. सगळा भार पहिलीवर, आणि तीही टाच पडली की सुटायची.

"दोन तारा जोडीने असल्या की चांगली तार वाईट तारेचा बिघाड झाकते," तो म्हणाला. "वर्षं जातात, कळत नाही. एकेक सुटी करून बघावी लागते."

२३ जानेवारी

तारा नव्या घातल्या, जागाही उंच, माझ्या टाचेपासून दूर. म्हणजे मी घाबरायचो म्हणून गाडी बिघडायची, आणि गाडी बिघडायची म्हणून मी घाबरायचो. न्यायशास्त्रात ह्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. बेर्मेतने बहिणीला फोनवर जे म्हटलं ते शास्त्रात बसत नाही.

२६ जानेवारी, रविवार. सूसामीर

सीटवर मांडी घालून बसलो. "गाडीत देव बसवलाय," बेर्मेत म्हणाली.

दोन ओव्हरटेक छान झाले. तिसऱ्याला मी "जा" म्हटलं आणि समोर घोड्यांचा ट्रक. दिवा लागला नाही. जोर होता म्हणून निसटलो, आरसा घासला.

बेर्मेतने कडेला थांबून आरसा सरळ केला. मग म्हणाली, "गाडी आता चांगली आहे." एवढंच.

गाडी चांगली आहे. मग हे पुन्हा का झालं? टाच पडायची ती समोर काही दिसल्यावर, आधी नाही. टँकर, व्हॅन, घोडे — तिन्ही वेळा मी रिकामा रस्ता बघून "जा" म्हटलं होतं. आधीच्या दोन्ही वेळा इथे लिहिलंय, आत्ता पान उलटून पाहिलं: कुठून उगवला. अचानक.

गालासकट नाक काचेला चिकटवलं की ट्रकच्या पलीकडे पोचतो तो फक्त डावा डोळा.

२७ जानेवारी

खिडकीतून समोरच्या उतारावर विजेचे खांब दिसतात. डावा डोळा झाकला. अकरा खांब.

उजवा झाकला. पहिले दोन, शेवटचे तीन. मधे नुसता बर्फ, सारवल्यासारखा.

डोळा दाखवायला बेर्मेतच्या दवाखान्यात आलोय. बाकावर पुढे चौघं आहेत. पाचवा नंबर माझा.