घरातली फोडणी बंद झाली, त्याचं कारण

शुक्रवार पेठ, सोलापूर

ती. राजनंदिनीअक्कास,

धाकट्या शिवलीलाचा नमस्कार (लांबूनच, मला शिवायची सध्या कुणाला परवानगी नाही). भाऊजींची पाठ कशी आहे? दवाखान्यात तुला दिवसपाळी मिळाली का? मोबाईलच्या उजेडाने माझे डोळे जातील असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून ही चिठ्ठी आमच्या चन्नप्पा भाऊजींबरोबर अकलूजला धाडतेय.

अक्का, मी लई घाबरलेय. ती व्हिटॅमिन ए ची ट्यूब सांगितली होती ना तुला? औषधवाल्याने बजावलं होतं की मटारच्या दाण्याएवढी, रात्री, आठवड्यातनं दोनदाच, आणि दिवसा उन्हाला जपायचं. दोन महिने तसंच केलं. खोटं कशाला बोलू, हनुवटीवरचे मुरमाचे डाग फिकट झाले, गाल मऊ लागायला लागले. (गोरी मात्र तसूभर झाले नाही.) पण वळसंगचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि मला हाव सुटली. सकाळ-संध्याकाळ उटण्यासारखी थापली, आणि त्याच तोंडाने गच्चीवर कुरडया घालायला बसले, सोलापूरच्या एप्रिलात! तिसऱ्या दिवशी तोंड लालभडक, गालाचे पापुद्रे निघायला लागले.

सासूबाईंनी एकदा बघितलं, कांजिण्याच समजल्या नि हातच जोडले, "आई आल्यात गं घरात!" झालं. दाराला कडुनिंब, मला वेगळी खोली आणि सगळ्या घराला फोडणी बंद. (आमचे हे गेले चार दिवस बिनफोडणीचं वरण गिळतायत आणि देवीला दिसू नये म्हणून तोंडसुद्धा वाकडं करत नाहीत.) रोज सकाळी सासूबाई दहीभात ठेवून पाया पडतात. माझ्या, अक्का! खरं सांगायला जीभ उचलत नाही, आणि देवीच्या नावाचा दहीभात मी खाल्ला ही धास्ती वेगळीच.

तुझी,
शिवलीला

ता. क. बसल्या बसल्या ट्यूबच्या खोक्यातला कागद वाचला. बारीक अक्षरात लिहिलंय, गरोदर बाईने लावू नये. अक्का, मला बारा दिवस वर गेलेत. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर! ट्यूब आता शिवतसुद्धा नाही, पण आधी थापलेल्याचं काय? तुमच्या डॉक्टरबाईंना विचार आणि उद्याच ये. यांना अजून काही बोलले नाही.

ता. क. २ आत्ता दाराबाहेर सासूबाई नवस बोलत होत्या, "आई, आदी सुनंचं तोंड बरं कर. नातवाचं पुढल्या वर्साला मागीन, एकदम दोन न्हाय मागत." तू आलीस की पहिलं त्यांना गाठ. म्हणावं, तोंडाचं राहू द्या, दुसरंच मागा.