आत गेलेल्या बाईची चौकशी

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? गेल्या पत्रात तू 'उत्तम' लिहिलंस, पण तुझं अक्षर पाहून माझा त्यावर विश्वास बसलेला नाही. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे. ते मी आत्ता लिहीत नाही, कारण तुझी भाची सकाळपासून प्रसूतीच्या खोलीत आहे, मी बाहेरच्या बाकावर आहे, आणि आत तिच्याजवळ जावई आणि एक परकी बाई आहे. ही बाई डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही. मग आहे कोण? तोच तर माझा मुद्दा आहे.

तिला डूला म्हणतात. बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबत राहायचं, पाठ चोळायची, श्वास कसा घ्यायचा ते सांगायचं आणि धीर द्यायचा, एवढंच तिचं काम. अक्का, नुसतं सोबत राहायचं आणि त्याला व्यवसाय म्हणायचं! ज्याने विमा कंपनीत जन्मभर खोटे दावे पकडले, त्याला यात काळंबेरं दिसणार नाही होय? (गोदाम पेटवण्याआधी माल हलवणारे लोकही असेच गोड बोलायचे.) लेकीला म्हटलं, तुझी आई आज नाही, पण मी आहे ना? तर म्हणते कशी, "बाबा, तुम्ही आत आलात तर डॉक्टरांचीच उलटतपासणी घ्याल." जावई हसला. त्याचं ते हसणं मी लक्षात ठेवलंय.

बाई पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिची पिशवी दाराशीच राहिली होती. मी ती उघडली नाही, फक्त बाजूला सरकवताना आत डोकावलं. टेनिसचे चेंडू, तेलाची बाटली, हातपंखा आणि शेकायची रबरी पिशवी. चेंडू कशाला, तर म्हणे कळा आल्या की कमरेवरून फिरवायला! मग बैठकीच्या खोलीतले दिवे मंद करून तिने दोघांना सतरंजीवर बसवलं आणि जबडा सैल सोडा, खांदे सैल सोडा, असं हळू आवाजात सांगू लागली. एखादं तरी खोटं आश्वासन सापडेल म्हणून मी शेजारच्या खोलीत दाराला कान लावून उभा होतो. जाग आली तेव्हा मी दाराला टेकून जमिनीवर बसलो होतो आणि बाई केव्हाच निघून गेली होती. त्या दिवशीची चौकशी अपुरी राहिली.

मग मी आमच्या खात्यातला जुना सापळा लावला. शेजाऱ्याच्या फोनवरून, आवाज बदलून तिला फोन केला. मी एक नवरा, बायकोचे दिवस भरत आलेत, अजिबात दुखणार नाही याची हमी देता का? (हो म्हणाली की पकडलीच!) ती म्हणाली, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, औषधपाणी डॉक्टर बघतील, मी फक्त जवळ राहीन. वर मलाच विचारलं, तुमच्या बायकोला कशाची भीती वाटते? याची तयारी मी केलेली नव्हती. तोंडाला येईल ते सांगत गेलो, की तिला आत एकटं पडायची भीती वाटते, ओरडले तर लोक काय म्हणतील असं वाटतं, आणि मला कुणी आत जाऊ देणार नाही. मग तिने मला फोनवरच सावकाश श्वास सोडायला लावलं. समोरच्याच्या कलाने घेतल्याशिवाय माहिती मिळत नाही, म्हणून मी सोडला. त्यानंतर आणखीही फोन केले, तेही निव्वळ चौकशीपोटी. शेजारी हल्ली मी दिसलो की फोन खिशात घालतो.

मघाशी आतून लेकीचा आवाज आला. आवाज कसला, किंकाळीच. मी दाराकडे धावलो, तर हीच बाई बाहेर आली, मला बाकावर बसवलं, हे कागद हातात दिले, कुणाला तरी पत्र लिहा म्हणाली आणि परत आत गेली. मला दारापासून लांब ठेवायचा हा डाव आहे, हे न कळायला मी काही दूधखुळा नाही. पण अक्का, पोरीला काही झालं तर मी काय करू? आता तर आवाजच येत नाही. आवाज न येणं चांगलं की वाईट, तेही कुणी सांगत नाही. थांब, दार उघडतंय.

तुझा,
धाकटा

ता. क. मुलगी झाली. दोघी सुखरूप. जावई रडतोय. (मी नाही. इथे फरशी पुसायला फार जहाल औषध वापरतात.)

ता. क. २. बाई निघताना माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "काका, तुमच्या बायकोचं काय झालं मग?" पहिल्याच फोनला ओळखलं होतं तिने मला! मग दर वेळी एवढं बोलत का बसलात, म्हणून विचारलं. म्हणाली, "नवरा खोटा होता हो, पण घाबरला होता तो खराच ना?" माझा तिच्यावरचा संशय कायम आहे, फक्त तो नेमका कशाचा होता ते आठवत नाही.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. बायकोचं काय झालं, या तिच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय, पण माझ्याकडे ते नाही. लेक जन्मली तेव्हा मी असाच बाहेर उभा होतो आणि आत माझ्या बायकोजवळ तू होतीस. त्या खोलीत काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. फार घाबरली होती का गं? तुझा हात धरला होता का? माझं नाव काढलं का एकदा तरी? सगळं लिही. थोडं गोड करून लिहिलंस तरी चालेल, या खेपेला मी तपासणार नाही.