मुशीची उरलेली गोष्ट

सोम. २४ नोव्हें.

मोबाईल कपाटात गेला. किल्ली सुनेच्या पर्समध्ये.

नात, तन्वी, नववीत आहे. शाळेने तिला पंधरा दिवस घरी बसवलंय. सून म्हणाली, "आई, हिच्या हाताला काहीतरी काम द्या." म्हटलं, बोंबील साफ करू दे. नातीने नाक मुरडलं. मग म्हटलं, माझी रोजनिशी लिही. मला अक्षर येत नाही, तुझा दिवस जात नाही, दोघींचं भागेल.

अट एकच. मी बोलेन ते लिहायचं. तुझ्याबद्दल असलं तरी.

तर आधी तेच लिही. गेल्या बुधवारी वर्गात तन्वीने श्रेयाच्या तोंडावर स्टीलची पाण्याची बाटली मारली. भरलेली. लागली डाव्या डोळ्यावर. श्रेया म्हणजे तिची पाचवीपासूनची मैत्रीण, रोडपालीला राहते. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आहे. दिसेल का, ते पट्टी सुटल्यावर कळेल.

जाऊन माफी माग म्हटलं तर हिने भिंतीकडे तोंड केलं. अजून तिकडेच आहे, लिहिते मात्र इकडे.

वाच बघू काय लिहिलंस. ओठ हलले, आवाज नाही आला. चालेल.

मंगळ. २५ नोव्हें.

सगळ्यांचं एकमत आहे. गेम.

शाळेच्या मॅडम म्हणाल्या गेम. सुरेश, माझा मुलगा, हिचा बाप, बंदरावरून रात्रपाळी करून आला तो उभ्या उभ्याच म्हणाला, "आये, चार-चार तास गोळ्या मारते ती. दुसरं काय होणार?" खाली वॉचमनला काय झालं ते नीट माहीत नाही, पण कारण माहीत आहे. गेम.

तन्वीला विचारलं. म्हणाली, "हो. गेममुळेच."

इतक्या लवकर कबूल होणारी नव्हे ही. लहानपणी ओठाला साखर चिकटलेली असायची आणि म्हणायची, मी नाय खाल्ली. लिही, लिही. साखर पण लिही.

बुध. २६ नोव्हें.

मला तो गेम बघायचा होता. सून म्हणाली, "तुम्ही पण आई!" पण कपाट उघडलं. पंधरा मिनिटं, तिच्या नजरेसमोर.

विमानातून माणसं उड्या टाकतात. छत्र्या उघडून बेटावर उतरतात.

"बेटावर मासळी हाय का?"

"नाही गं आजी. तिथे फक्त मारायचं."

"कशाला?"

"शेवटी एकच उरतो. तो जिंकतो."

"मग तो एकटा काय करतो तिथं?"

 म्हणाली, पुढचा गेम लावतो.

मी पण खेळले. एका घरात शिरले, दाराआड उभी राहिले. बरं वाटत होतं, शांत घर होतं. मागून कोणी मारलं. मेले. चहा ठेवायला उठले.

एक गोष्ट मात्र चांगली वाटली. गोळी लागून कोणी खाली पडलं की लगेच मरत नाही. आपल्यातलं कोणीतरी येतं, वाकतं, त्याला उठवतं. दहा मोजेपर्यंत.

"तुला कोण उठवायचं?"

"श्रेया."

दोघी एकाच टोळीत खेळायच्या म्हणे. एकमेकींशिवाय उतरायच्या नाहीत.

खेळताना हिचं तोंड बघितलं. डोळे चमकत होते, खालचा ओठ दातात. हे तोंड मी कुठेतरी बघितलंय. कुठे, ते आठवेना.

गुरु. २७ नोव्हें.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सुनेने घट मांडला. घरात मासळी बंद, मी पण बंद. संध्याकाळी पूजेला शेजारच्या दोघी आल्या. त्यांतली एक म्हणाली, "आजी, ती मुशीची गोष्ट सांगा ना, हिने ऐकली नाही."

मला काय, एवढंच पाहिजे असतं. सांगितली.

माझं माहेर करंजा. बंदरावर मासळीचा लिलाव. पापलेटचा एक वाटा होता, अंगठ्यासकट पंज्याएवढाले पापलेट. मी बोली लावली, हिराबाय कोळणीने पण लावली, दोघी म्हणतो माझा. ती मला म्हणाली, जा गं, तुझ्या तोंडाला पापलेट शोभत नाय. माझ्या हाताशी मुशी पडलेली. समुद्रातली ती लहान शार्क असते ना, तीच. कातडी कानशीसारखी खरखरीत. शेपटीला धरली, फिरवली, आणि दिली हिराबायच्या कानाखाली. हिराबाय चिखलात, पाटी डोक्यावर उलटी! लिलावदार बोली विसरला. पापलेट मी घरी आणले.

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. आरती राहिली बाजूला.

"हिराबाय चिखलात!" हे शेवटचं तन्वी नेहमी माझ्याबरोबर ओरडायची. चार वर्षांची असल्यापासून. जेवत नसली की मी हीच गोष्ट सांगून भरवायची. आज आतल्या खोलीतून आवाज आला नाही.

आणि तेव्हा आठवलं, ते तोंड कुठे बघितलंय. गोष्ट ऐकताना हिचे डोळे असेच चमकायचे. ओठ असाच दातात.

बायका गेल्यावर हे लिहून घेतलं.  

शनि. २९ नोव्हें.

आज मी एक काम केलं. शहाणपणाचं का येडेपणाचं ते पुढे कळेल.

आम्हा कोळ्यांत कोणाचं काही चुकलं तर तोंडाने बोलायच्या आधी मासळी जाते. मासळी घेतली की समजायचं, दार उघडं आहे. त्यात माशाचं डोकं डोळ्याला चांगलं. पहाटे बाजारात जाऊन रावसाचं डोकं आणलं, कोकम घालून कालवण केलं, डबा बांधला, रिक्षा करून एकटी रोडपालीला गेले. घरात सांगितलं, देवळात जाते.

चौथा मजला. श्रेयाच्या आईने दार उघडलं. गळ्यात तुळशीची माळ.

माळ बघितली आणि डबा एकदम जड झाला. चार वर्षं ती पोरगी आमच्या घरी येत होती, फक्त बिस्किटं खायची. मला वाटायचं, लाजते.

त्या माऊलीने नाकाला पदर लावला, पण दार लावलं नाही. म्हणाली, "आजी, हे आमच्यात चालत नाही."

म्हटलं, "चुकले. डोळ्याला चांगलं असतं म्हणून आणलं."

तिने डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "श्रेयाने तुमच्याबद्दल तसं बोलायला नको होतं. मी तिला ओरडले. पण म्हणून डोळा फोडायचा का हो?"

"माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काय बोलली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं, मला माहीत नाही. "जाऊ दे," म्हणाली. आतून श्रेयाचा आवाज आला, "कोण आहे गं आई?" आई म्हणाली, "कोणी नाही."

परत येताना डबा मांडीवर गरम लागत होता. रिक्षावाला म्हणाला, वास छान येतोय आजी. त्यालाच दिला.

रवि. ३० नोव्हें.

आज लिहिणारी रडते आहे. शाई पसरली तरी लिही.

मी विचारलं, "श्रेया काय बोलली होती?"

आधी म्हणाली, काही नाही. मग एका दमात सांगितलं. मधल्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, वर्गात कसला तरी वास येतोय. श्रेया म्हणाली, "तन्वीची बॅग असेल. तिची आजी बाजारात पाटी घेऊन बसायची ना, अख्ख्या घराला तो वास आहे." सगळी मुलं हसली. श्रेया पण हसली.

"आणि मग?"

"मग हात गेला. मी ठरवलं नव्हतं, आजी. गेममध्ये समोर कोणी दिसला की डोक्यावर नेम धरायचा असतो, डोक्याला एकच गोळी पुरते. हाताला सवय आहे."

"आणि मग?"

"ती खाली बसली. मला वाटलं उठेल. मी दहा मोजले."

हे लिहून तिने पान उलटलं.

"तर मग सगळ्यांना गेम म्हणून का सांगितलंस?"

"नाहीतर तुला कळलं असतं."

अगं खुळे! माझ्या अंगाला वास येतो हे मला सत्तर वर्षं ठाऊक हाय. तुझ्या आज्याने मला वासावरच पसंत केली, तोंड नंतर बघितलं. एवढ्यासाठी पोरीचा डोळा?

ती हसली नाही. मला पण हसू आलं नाही, नुसतं बोलून गेले.

मंगळ. २ डिसें.

काल वही उघडली नाही. माझंच धाडस होत नव्हतं.

आज सांगते. मुशीची गोष्ट मी जिथे थांबवते तिथे ती थांबत नाही.

हिराबाय चिखलातून उठली तेव्हा तिच्या कानातून रक्त येत होतं. बायका हसत होत्या म्हणून मी पण हसत होते. त्या कानाने तिला पुन्हा ऐकू आलं नाही. पुढे दुसरा पण गेला. लिलावात ज्याला बोली ऐकू येत नाही त्याला मासळी मिळत नाही. लोक तिला हाताने खुणा करायचे, ती चुकायची, पोरं हसायची. मग तिने बंदरावर येणं सोडलं. तिच्या नणंदेच्या शेजारी बसून सुकी मासळी वाळत घालायची, कावळे हाकलायची.

दरवर्षी मी माहेरी जायची. ती दिसायची. मला बघून हसायची, तिच्या मनात काही नव्हतं. मी मान हलवून पुढे जायची. मनाशी म्हणायची, हिला ऐकू कुठं येतंय, बोलून काय उपयोग? किती चांगली सोय होती ती.

गेली ती. मला उशिरा कळलं. तोपर्यंत मी गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की मलाच ती खरी वाटत होती. पाटी पण तिच्या डोक्यावर उलटी झाली नव्हती. ते मी घातलेलं.

तन्वीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "हे तू कधीच सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस."

लिही पुढे. सगळे म्हणतात, पोरगी गेममधून शिकली. शिकली असेल. ते तोंड मी बघितलंय, खोटं कशाला बोलू. पण त्या तोंडाला पहिला घास मी भरवला. गेमला कपाटात घालता येतं. मला कुठल्या कपाटात घालणार?

शुक्र. ५ डिसें.

श्रेयाची पट्टी निघाली. शाळेच्या मॅडमनी सुनेला फोन करून सांगितलं. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. अजून एक ऑपरेशन करतील. त्यानेही दिसेल असं नक्की नाही.

तन्वी ते ऐकून बाथरूममध्ये गेली. नळ सोडून बसली. मी दाराबाहेर बसले. पाणी वाया जातंय, असं सुद्धा म्हटलं नाही.

सुरेशने ठरवलंय, हिला कोन गावाला मामाकडे ठेवायचं. तिकडची शाळा, नवीन मुलं, मोबाईल नाही.

मी म्हटलं, "गेम एकटा नाय रे त्यात."

"म्हणजे गेम चांगला?"

"चांगला कधी म्हटलं? त्याने हाताला वाट दाखवली असेल. पण हात उचलला तो माझ्यासाठी. आणि उचलल्यावर लोक हसतात, टाळ्या देतात, हे तिने माझ्या मांडीवर बसून ऐकलंय. तू पण ऐकलंस. तू पण हसायचास."

सुरेशने ताट पुढे ओढलं. जरा वेळाने म्हणाला, "हिराबायचं पुढे काय झालं होतं गं?"

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कोणी विचारलं. सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

कोनचं अजून ठरलेलंच आहे. पण तन्वीला म्हटलं, कोनला जा नाहीतर कुठेही जा. त्या पोरीला भेटल्याशिवाय गेलीस तर पुढे तुला पण एक गोष्ट अर्ध्यावर थांबवावी लागेल. मी केलंय ते. बाहेरून लई मजेशीर दिसतं.

रवि. ७ डिसें.

सकाळी ती स्वतःच म्हणाली, "आजी, चल."

केस विंचरले, शाळेत जाताना घालते तशा दोन वेण्या घातल्या. विचारलं, "काय घेऊन जाऊ?"

"काही नाय. हात रिकामे ने. तिला दिसू दे, रिकामे हायत."

रोडपालीला बिल्डिंगखाली मी बाकावर बसले. म्हणाली, वर चल ना. म्हटलं, मी आले तर वास पुढे जाईल, तू मागे राहशील. तेव्हा जरासं हसू आलं तिला. किती दिवसांनी. मग लिफ्ट सोडून जिन्यानेच गेली. चार मजले. पावलं ऐकू येत होती तोवर ऐकली.

वर बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. लागल्याचा पण आला. ती आत होती का बाहेर, ते खालून कळत नव्हतं.

वॉचमनने विचारलं, कोणाकडे आलात? म्हटलं, कोणाकडे नाय, वाट बघते. त्याने पाणी दिलं. समोर लहान मुली लंगडी खेळत होत्या. एक पडली, दुसरीने उठवली. मी बघितलं नाही असं केलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन बाकावरून उतरून माझ्या पायावर आलं, मग पायावरून पण गेलं.

तन्वी खाली आली. डोळे लाल. डोळे लाल म्हणजे काय, माफी मिळाली तरी होतात, नाही मिळाली तरी होतात. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"दार उघडलं?" मान वर-खाली हलली.

"श्रेया होती?" पुन्हा तशीच हलली.

"काय बोलली?"

नाही सांगितलं. अजून नाही. आता समोर बसून मी सांगते ते लिहिते आहे, फक्त ते तेवढं लिहीत नाही.

बरं. मी जोर करणार नाही. उद्या सोमवार. सुरेश आता म्हणतो, शाळा का कोन ते रात्री बघू. पण वरती चौथ्या मजल्यावर काय झालं ते माझ्या तोंडून या वहीत यायचं नाही. मी तिथे नव्हते. माझ्या तोंडी गेलं की मी त्यात पाटी उलटी करीन, चिखल घालीन, लोक हसतील.

म्हणून इथे खाली तुझ्यासाठी जागा सोड. चार ओळी. मला वाचता येत नाही म्हणून तीनच सोडू नको. अक्षर येत नसलं तरी मोजता येतं मला.