भिंतीतनं गेलेली वायर

२ नोव्हें.
जुळलं एकदाचं! दुपारभर डोक्याची मंडई झाली. प्रतापचं मशीन त्याच्या घरात, माझं माझ्या, मधी वाटणीची भिंत. जुन्या पायपाच्या भोकातनं वायर ओढली. शेळगावात नेट म्हणजे गच्चीवर मोबाईल धरून उभं राहायचं, म्हणून कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या गेमचा सगळा पसारा बारामतीतनं पेनड्राइव्हवर भरून आणला होता. वायरच्या टोकांना पिना बसवताना आतल्या तारांचे रंग प्रतापनं सांगितले. दोन्ही मशीनना आयपी, म्हणजे ओळखीचे नंबर, हातानं दिले. तरी एकाला दुसरं दिसेना. मशीनची राखण करणारी फायरवॉल नडत होती, टाकली बंद करून. मग त्याचं विमान माझ्या नकाशावर आलं.
भिंतीपलीकडनं ओरडला, "अण्णा, दिसलो का?"
चुलतभाऊ, पण सख्ख्याच्या वर.

४ नोव्हें.
ठरलं असं. तो उडवणार, मी मास्तर. वारा, ढग, बिघाड सगळं माझ्या माउसवर. बोलायचं हेडफोनमधनं. बारामतीला विमान शिकतोय तिथं या महिन्यात परीक्षा. सर शेजारी बसून बघणार, पटलं तर एकट्याला उडू देणार. मागच्या खेपेला नापास झाला. आता हुकला तर त्याचे वडील, आप्पाकाका, सरळ डाळिंबाच्या बागेत उभा करतील त्याला.
मी का उडवत नाही? पायलटच्या मेडिकलला ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसला नाही म्हणून. लाल-हिरव्यातला फरक कळत नाही म्हणे. डॉक्टर हसून म्हणाले, शेतीला काही अडचण नाही. साला, अजून कानात आहे ते हसणं.

९ नोव्हें.
धावपट्टी सोडली रे सोडली की इंजिन बंद करतो त्याचं. शिकल्याशिवाय राहतो कुठं! आज इंदापूरच्या अंगाला गेला, तिथं बंद केलं. येडं थेट उसात.
"उसात कशाला घातलंस?"
"आपलाच हाय की."
"आपला न्हाय. वाटणीत तुमच्याकडं गेलाय."
हसून हसून पोट दुखलं. परत बंद केलं. परत पडला. ओरडलो, नाक खाली घे, नाक! म्हशीगत काय बसलायस! नुसतं "व्हय" म्हणाला.

१५ नोव्हें.
पाटाच्या पाण्याच्या पाळीवरनं आबा आणि आप्पाकाका भर चौकात भिडले. सख्खे भाऊ, एकमेकांच्या गचांडीला. लोक बघत उभे. घरी येऊन आबा म्हणाले, "त्या घराशी आजपास्नं बोलायचं न्हाय कुणी." प्रतापच्या परीक्षेचं म्हणालो, तर उठून गोठ्यात गेले.

१६ नोव्हें.
वायर कापली.
प्रतापचं मशीन यादीतनं गेलं म्हणून ओढून बघितली, तर टोक हातात आलं. सरळ कापलेलं. आबा ओट्यावर, छाटणीच्या कात्रीला धार लावत. विचारलं. म्हणाले, "मी कापली असती तर तुझ्या तोंडावर कापली असती."
खोटं. बाप असून खोटं बोलतात. जेवलो नाही.

१९ नोव्हें.
प्रताप फोन उचलेना. बारामतीत मित्राच्या खोलीवर राहतोय, काकू आईला हळूच सांगून गेली. परीक्षा तोंडावर, आणि इंजिन बंद पडलं की हा नाक वर घेऊन विमान पाडणार. आबांशी बोलणं सोडलंय. म्हाताऱ्यानं माझं राहिलंसाहिलं विमान पण खाल्लं.

२४ नोव्हें.
पास झाला. एकट्यानं उडाला.
कळलं कुठं, तर दूध घालायला गेलो तिथं. आप्पाकाका डेअरीवर पेढे वाटत होते. माझ्या हातावर पण ठेवला, तोंड फिरवून. संध्याकाळी देवळासमोर सत्कार. प्रताप बोलला. वडील, सर, गाव, सगळ्यांचे आभार. माझं नाव नाही. हार घातलेला, खाली बघत बोलत होता. मी मागं उभा, टाळ्या पण वाजवल्या. जळलो. लिहायला कसली लाज, जळलो.

२७ नोव्हें.
प्रताप आला. पुढच्या दारानं, आबांसमोरनं.
"अण्णा, वायर मी कापली."
मला हसू आलं. म्हणालो, असं बोलायला आप्पाकाकानं लावलं असंल.
"न्हाय. मीच. इंजिन सर बी बंद करत्यात. पण ते शिकवायला. तू बंद करायचास तवा तुझा आवाजच येगळा यायचा. मी पडलो की तुला बरं वाटायचं."
आबा तंबाखू मळत राहिले.
म्हणालो, चालता हो. गेला नाही. म्हणाला, "देवळापुढं तुझं नाव घ्यायचं हुतं. तोंडाशी आलं आन् राहिलं. पुढची परीक्षा तुझ्याबिगार जमायची न्हाय. परत जोडू. पण इंजिन मी सांगीन तवाच बंद करायचं."
"बघू," म्हणालो.
कसलं बरं वाटायचं? त्याच्यासाठी घसा फोडला मी! माझे डोळे असते तर याच्या आधी वर गेलो असतो, आणि हा मला सांगतोय.
आबांना चहा नेऊन दिला. घेतला त्यांनी.

२८ नोव्हें.
सकाळी भिंतीवरनं हाक आली, "अण्णा, काय ठरलं?" त्याच्या बाजूचं टोक त्यानं तयार करून ठेवलंय.
ओ दिली नाही. मशीन लावून बसलोय. इंजिन तो सांगेल तेव्हाच बंद करायचं, एवढं कबूल करायला काय जातंय माझं? एक 'हो' तर म्हणायचं. तोंडाशी येतं, आणि लगेच वाटतं, उड म्हणावं, बघू किती उडतोस. हे असं वाटतंय तोवर कसं म्हणू?
बाहेर अजून उभा आहे. चप्पल वाजतेय त्याची.