मधूचं नाव यादीत

३ फेब्रुवारी, सोमवार

मधूचं नाव यादीत! पाळकसाहेबांनी माझ्यासमोर लिहिलं. २३ तारखेला बिशपसाहेब दृढीकरणाला येणार, डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं करून घ्यायला. आठ जण आहेत — सात पोरंपोरी पंधरा-सोळाची, आणि आमचा मधू चौतीसचा! त्या दिवसापासून तोही प्रभुभोजन घेणार. चर्चपासून घरापर्यंत मी एकटीच हसत आले, लोकांना काय वाटलं असेल!

आईने आधीच्या तीन पाळकांना विचारलं होतं. तिघांचं उत्तर एकच — धर्माची प्रश्नोत्तरी पाठ झाल्याशिवाय नाही. डाऊन सिंड्रोम म्हटलं की पुढचं कोणी ऐकायचंच नाही. सगळी मंडळी भाकर-द्राक्षारस घ्यायला पुढे जाते आणि माझा भाऊ बाकावर एकटा बसून राहतो. आई गेली, पण हे खुपणं मला देऊन गेली.

४ फेब्रुवारी

मधूला सांगितलं. "मलापण?" एवढंच म्हणाला. मग शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगून आला. आख्ख्या गल्लीत झालंय!

८ फेब्रुवारी

शाळेतून आले की रोज एक तास. दहा आज्ञा. त्याला दोनच राहतात — चोरी करू नको, आईबापाचा मान राख. तिसरी शिकवली की पहिली जाते. बावीस वर्षं पोरांकडून पाढे पाठ करून घेतेय मी, पण आज हात टेकले. ओरडले त्याच्यावर. तो उठून आत गेला, मला वाटलं रुसला. तर माझ्यासाठी तांब्या भरून पाणी घेऊन आला.

लाज वाटली. आपण कसेही असलो तरी देवाचं प्रेम हटत नाही, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. मग मी मधूला देवापुढे लायक करायला कशाला निघालेय? पुस्तक मिटलं. दोघं बागेत जाऊन भेळ खाऊन आलो.

१२ फेब्रुवारी

माशी शिंकली. चर्चच्या कमिटीतले दादासो साळवे आडवे आलेत. एसटीतून रिटायर झालेला, शिस्तीचा माणूस. म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा, आधी कमिटीपुढे परीक्षा. रविवारी उपासनेनंतर. मधूला सांगितलं तर तो खूश — त्याची आजवर कोणी परीक्षाच घेतलेली नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

दादासोंनीच प्रश्न विचारले. पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्याला मधूने पाळकसाहेबांकडे बघून हात हलवला. मी खाली फरशीकडे बघत बसले. आज्ञा विचारल्या — दोन आल्या, त्यातली एक दोनदा. मग दादासोंनी कागद बाजूला ठेवला. बराच वेळ मधूकडे बघत होते. हळूच विचारलं, "मला एक सांग. देव तुझ्यावर प्रेम का करतो रं?"

हा प्रश्न प्रश्नोत्तरीत नाहीच.

मधूने विचार केला. म्हणाला, "मी हाय म्हणून."

दादासो चष्मा पुसत बसले. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, हा तीन महिन्यांचा असताना याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तरी याने कुठे उत्तरं दिली होती? हात वर झाले. सगळ्यांचे, एक सोडून. दादासो चहा न घेताच निघून गेले. एवढा कसला राग या माणसाला!

पण झालं! मंजूर! मधू पास!

२२ फेब्रुवारी

पांढरा शर्ट आणला. तो घालूनच झोपायचं म्हणतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! बिशपसाहेबांनी मधूच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमेन झालं — आणि मधूने हात उचलून बिशपसाहेबांच्या डोक्यावर ठेवला! बिशपसाहेब तसेच मान वाकवून उभे राहिले, तो हात काढीपर्यंत. मग हसू फुटलं सगळ्यांना, आणि मला रडू.

प्रभुभोजनाला माझ्या शेजारी गुडघे टेकले त्याने. दोन्ही हात पुढे केले, एकावर एक. कोणी शिकवलं? मी तर नाही. चौतीस वर्षं बाकावरून बघतच होता की! परत येताना मोठ्यांदा म्हणाला, "ताई, गोड हाय!"

दादासो आणि साळवेकाकू आले नव्हते. नसू देत. आज कोणावर राग धरवत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी दादासो आले. काकूही. पाणी दिलं ते हातातच राहिलं. वीस वर्षं आम्ही सगळे समजत होतो त्यांना मूलबाळ नाही. एक मुलगी आहे. प्रियदर्शनी. एकोणतीस वर्षांची, आपल्या मधूसारखीच. ते सांगलीला आले तेव्हापासून कडेगावला, बहिणीकडे ठेवलेली.

"बाई," दादासो म्हणाले, "तिलाबी घेतील का वं?"

मी तोंड उघडायच्या आत मधू चपला घालून दारात उभा. विचारतोय, कडेगावची गाडी किती वाजता हाय.