बीप वाजेपर्यंत

आमली, सिल्वासा
सोमवार

प्रिय रमाकांत,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. एवढ्या वर्षांत हृषीकेशच्या लग्नपत्रिकेवरचा पत्ता सोडला तर मी तुला हातानं काही लिहिलेलं नाही. मोबाइलवर मेसेज टाकला असता, पण तुझा मोबाइल मालतीवहिनींकडे असतो आणि तुझ्याआधी त्याच वाचतात. हे त्यांनी आधी वाचायला नको. तू वाच, मग त्यांना द्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून टाकतो, नाहीतर इकडच्या तिकडच्या गप्पा हाणताना ती राहून जाईल. मी घाबरलोय. साधासुधा नाही, पाचावर धारण बसलीय. काल दुपारपासून, आणि कशापायी म्हणशील तर घरातल्या साउंडबारपायी. हस, हरकत नाही.

दिवाळीत हृषीकेशनं पुण्याहून येताना तो आणला होता. टीव्हीखाली ठेवायची हातभर लांब पट्टी, आणि जोडीला एक डबा, त्यातून नुसता धबधब आवाज निघतो. मी म्हटलं, अरे टीव्हीला स्वतःचा आवाज आहे की. तर म्हणाला, बाबा, तुम्ही टीव्ही इतका मोठा लावता की खालच्या मजल्यावरचे गुजराती काका मला लिफ्टमध्ये विचारतात, सगळं ठीक ना? यातून शब्द स्वच्छ ऐकू येतात. मला राग आला होता, पण ठेवून घेतला. सुरुवातीला आवाजाचा आकडा बावीस असायचा. मग तीस झाला. आता अडतीस. छाया सोफ्यावर बसेनाशी झाली, स्वयंपाकघरात उभं राहून तिथूनच मालिका बघायला लागली. मला वाटायचं, कामाच्या घाईत असेल.

तर काल रविवारी तिनं टीव्हीमागची धूळ काढली, आणि दुपारी मी जेवून बातम्या लावतो तर चित्र आहे, आवाज नाही. चिडीचूप. पट्टीवरचा दिवा मात्र लागलेला. तुला माहीत आहे मी कसा आहे ते, बंद पडलेली वस्तू दिसली की अंगात येतं. रिमोटचे सेल बदलले. दुसऱ्या प्लगला लावून बघितला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो, आवाज कुठून यायचा ते तीनदा बदललं. मग टीव्ही भिंतीपासून ओढला, तर मागची जाड वायर अर्धी बाहेर लोंबतेय. काखेत कळसा नि गावाला वळसा. वायर दाबून बसवली, आणि तो डबा धब्ब करून बोलला. पण नुसती धबधबच. बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ हलतायत आणि शब्द एक नाही. म्हटलं, डबा जिवंत आहे, पट्टी मेली.

हृषीकेशला फोन लावला. त्याचं बोलणंही मला नीट कळेना, म्हणून त्याला सगळं लिहून पाठवायला सांगितलं. गेले सहा महिने मी हेच करतो. नेटवर्क नाही, असं सांगतो. त्यानं लिहिलं: रीसेट करा. पट्टीवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बीप वाजेल. बीप वाजल्याशिवाय पुढचं काही करू नका. आता आपण मेंटेनन्सची माणसं. कागदावर जे लिहिलंय ते त्याच क्रमानं करायचं, पहिली पायरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. हे तूच मला शिकवलंस. मी बटण दाबलं, दहा मोजले. बीप नाही. परत दाबलं, पंधरा मोजले. बीप नाही. वीस मोजले. खाली मांडी घालून बसलो, चष्मा लावला, अंगठा दुखायला लागला. सात-आठ वेळा झालं असेल. पट्टी उघडायची म्हणून स्क्रूड्रायव्हर काढला, तेवढ्यात छाया पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. चिडलेली नव्हती, नुसती दमलेली होती.

“अहो, वाजतोय की तो प्रत्येक वेळी,” ती म्हणाली. “किती वेळा वाजवाल?”

रमाकांत, मी तिच्याकडे बघत राहिलो. ती थट्टा करतेय असं मी स्वतःला सांगून बघितलं. मग तिला म्हटलं, तू दाब. तिनं दाबलं, आणि मी स्क्रूड्रायव्हरचं टोक पट्टीवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली, तू शिकवलं होतंस तशी. एकोणतीस वर्षं याच मुठीतून मी मोटरी ऐकल्या. काही नाही रे. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे वाजला. मी मूठ दुसऱ्या कानाला लावली. तिनं परत मान हलवली. मग तिनं टीव्ही लावला. पट्टी मघापासून बोलतच होती, फक्त प्लग बदलताना आवाज बारावर आला होता आणि रीसेटनं तिथेच राहिला होता. बारा आकडा कुणाही धडधाकट माणसाला पुरतो. तिला स्वयंपाकघरात बातम्यांतला शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि मी पट्टीला नाक लावून बसलो होतो. पीठ लागलेला हात तिनं माझ्या खांद्यावर ठेवला, त्याचा डाग शर्टावर अजून आहे.

तो बीप तुला आठवला ना? मला तर दुसरं काही आठवेचना. कंपनीच्या आवारात उभी राहणारी ती तपासणीची गाडी, आत काचेची खोली, कानावर मोठे हेडफोन आणि हातात बटण. बीप ऐकू आला की बटण दाबायचं. त्या वर्षी तू बाहेर आलास तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. म्हणालास, मुकुंदा, अर्धे आलेच नाहीत मला, अंदाजानं दाबले. नशिबानं त्या वर्षी निभावलं. पुढच्या वर्षी तूच म्हणालास, एवढं एक वर्ष काढून दे, शॉपफ्लोअरवरून उचलून स्टोअरमध्ये बसवलं तर मी वेडा होईन. मी काचेबाहेर, त्या तपासणाऱ्या मुलीच्या मागं उभा राहिलो. ती कळ दाबायची, मी नाक खाजवायचो, तू बटण दाबायचास. किती हसलो होतो आपण नंतर. राखोलीच्या टपरीवर चहा पिताना तू म्हणालास, मुकुंदाच्या नाकानं माझे कान वाचवले. एक वर्ष म्हणता म्हणता सहा वर्षं मी नाक खाजवलं. सहाही वर्षं तुझा कागद स्वच्छ. आणि सहाही वर्षं तू त्याच यार्नच्या मशीनींमध्ये, दिवसाचे आठ तास, कानातली बुचं गळ्यात लटकवून. कानात घातली तर मशीन कशी ऐकायची, असं आपण नव्या पोरांना वर शहाणपण शिकवायचो.

गेल्या वर्षी गाडी आली तेव्हा मी रजेवर होतो, माझी तपासणी राहिली. छायाच्या भावाकडे पूजा होती म्हणून गेलो होतो. आता खरं सांगतो, पूजेला नसतो गेलो तरी चाललं असतं.

तुला अजून एक सांगायचंय, ते मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही, छायालासुद्धा नाही. चिंधा आठवतो ना, आपला शिरपूरचा फिटर? महिन्यापूर्वी तो माझ्याकडे आला, म्हणाला, साहेब, चार नंबरची मोटर शिट्टी मारतेय, बेअरिंग चाललंय. मी गेलो, स्क्रूड्रायव्हर लावला, घरघर ऐकली, शिट्टी काही नाही. वर त्यालाच झापलं, चारचौघांत. म्हटलं, तुझ्या कानात मळ झालाय, चालू राहू दे. त्यानं मोटर चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला आणि त्याचं टोक चिंधाच्या तोंडावर बसलं. भुवईवर चार टाके. बोटभर खाली बसतं तर डोळा गेला असता. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, बेअरिंगचा माल खराब होता. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कालपर्यंत. काल तो बीप आला नाही तेव्हा मला कळलं की माल कुठला खराब होता.

आता मी शॉपफ्लोअरवर पाऊल टाकायला भितो. आज सकाळी फोर्कलिफ्ट माझ्या मागून आली आणि ती पुढे गेली तेव्हा मला समजलं. तेरा मशीनी आहेत माझ्या ताब्यात, आणि त्यांच्याभोवती पाळीला चाळीस माणसं. ती सगळी माझ्या ‘चालू दे’वर विसंबून हात घालतात. कुणी काही विचारलं की मी हो हो म्हणतो. ते काय विचारतात देव जाणे. तू शेवटी शेवटी असाच हो हो करायचास, आणि आम्ही तुझ्या मागे हसायचो. मीही हसायचो रे.

आणि मला भीती फक्त मशीनींची वाटत नाही. मला तुझी भीती वाटते. तुझ्या मंजुषाच्या लग्नात अमळनेरला तू बँडच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसला होतास. पोरं कान झाकून पळत होती आणि तू सगळ्यांकडे बघून हसत होतास. मला ते बघवेना, म्हणून मी मंडपामागे गेलो. तिथे मालतीवहिनींनी मला बसवलं, शेवभाजी वाढली. म्हणाल्या, नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाच-सहा वर्षं आधी त्या आवाजातून बाहेर काढलं असतं तर निम्मं राहिलं असतं, कानाला मशीन लावून तरी बोलणं कळलं असतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, पण भाऊजी, तुम्ही होतात म्हणून ह्यांची जागा टिकली, तुमचे उपकार विसरणार नाही. मी मान खाली घालून शेवभाजी खाल्ली. दुसऱ्यांदा वाढली, तीही खाल्ली. त्या बाईला सांगायला हवं होतं की मी तुझ्या कानांवर सहा वर्षं पांघरूण घातलं. धीर झाला नाही. तू कधी मला दोष दिला नाहीस, आणि मागाहून हा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. तूच मागितलं होतंस, हे मी मनाशी हजारदा घोकलंय. पण तू घाबरून मागितलंस, आणि मी काही घाबरलेलो नव्हतो. शुद्धीवर असलेला माणूस मी होतो.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे येत्या नाही, त्याच्या पुढच्या, गाडी परत येतेय. बोर्डावर यादी लागली, माझं नाव तिसरं. मी यादीसमोर बराच वेळ उभा असेन, कारण चिंधा शेजारी येऊन उभा राहिलेला मला कळलं नाही. त्यानं माझा दंड धरला. टाक्यांची खूण अजून लाल आहे. त्याला सगळं माहीत होतं, रमाकांत, तुझ्या वेळचं नाक खाजवणंसुद्धा. शिट्टी ऐकू न येणारा माणूस त्यानं महिन्यापूर्वीच ओळखला होता आणि कुणाकडे ब्र काढला नव्हता. मला वाचता यावं म्हणून तोंड अगदी माझ्यासमोर आणून तो त्याच्या अहिराणीत सावकाश बोलला.

“फिकीर नका करू साहेब. काचेच्या मागे मी शे ना.”

आणि मी हो म्हणालो. लाज वाटते लिहायला, पण म्हणालो, आणि जीव हलका झाला. दहा मिनिटं मला खूप बरं वाटलं. मग तो वळून चार नंबरकडे गेला आणि मोटरीखाली हात घालून बसला, आणि मी कागद शोधायला लागलो.

म्हणून हे पत्र. त्या गुरुवारी तू इकडे ये. अमळनेरहून सुरत, तिथून वापी. वापीला मी फलाटावरच उभा असेन, घोषणेच्या भरवशावर राहू नकोस, आपण दोघंही त्यातले नाही. वहिनींना आण, त्यांना मी स्वतः सांगेन, पाय धरून माफी मागेन, त्या काय म्हणतील ते त्यांच्या ओठांवरून वाचेन. गेटवर तुझा पास काढून ठेवतो. काचेमागे चिंधाला उभं राहू द्यायचं नाही, त्या जागी तू उभा राहा. मी स्वतःला ओळखतो. आत बसलो आणि बीप आला नाही की मी बाहेरच्या माणसाच्या नाकाकडे बघणार, आणि तिथे चिंधा असला तर मी पास होणार, आणि पुढच्या वेळी चार टाक्यांवर भागणार नाही. तू मात्र समोर उभा राहा आणि दोन्ही हात खिशात घाल. मी कितीही केविलवाणं बघितलं तरी काढू नकोस. नाक खाजलं तरी सोस. मी तुझ्यासाठी तेव्हा एवढंच करायला हवं होतं.

तुझाच, आणि आता तुझ्यासारखाच,
मुकुंद